मौलाली नालबंदाच्या हयातीचा दाखला

आमच्या सोलापुरात कुठल्याही कार्यक्रमात आभारप्रदर्शन शेवटी ठेवतात, आणि निवेदकानं 'आभार' हा शब्द उच्चारला की निम्मं सभागृह चपला शोधायला उठतं. म्हणून मी आभार आधीच मानून टाकतो. मी पुढील मंडळींचा ऋणी आहे : आमच्या वरच्या मजल्यावरच्या ईरम्मा आज्जी, समोर राहणारे सेवानिवृत्त अव्वल कारकून बापूसाहेब, ज्यांच्याबद्दल मी गेली अकरा वर्षं मनातल्या मनात वाईट बोलत होतो, हॅरिएट नावाच्या एक ऑस्ट्रेलियन बाई, ज्यांना मी कधी पाहिलेलं नाही, आणि अठराशे सत्त्याण्णव साली मेलबर्नच्या बंदरावर ड्यूटीला असलेला एक पोलीस शिपाई, ज्याला स्वतःला वाचता न येणारा कागद फेकून न देण्याची बुद्धी झाली. उंटांचे आभार मानलेले नाहीत, हे लक्षात घ्यावं. उंटांनी माझी भर गल्लीत बेअब्रू केली.

तसं ऑस्ट्रेलियाशी माझं काही वाकडं नव्हतं. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. ग्रंथपाल म्हणजे लोकांच्या मते पुस्तकांचा वॉचमन, माझ्या मते ज्ञानाचा द्वारपाल, आणि पगारपत्रकाच्या मते 'इतर'. अशा माणसाकडे कुणी ज्ञानासाठी येत नाही. झेरॉक्स कुठं मिळेल हे विचारायला येतात. त्यामुळे एका रविवारी सकाळी शेखलाल चाचा दारात उभे राहून "गुरुसर, तुम्ही पुस्तकवाले. एक माणूस शोधून पायजे," असं म्हणाले, तेव्हा माझी छाती बनियनातल्या बनियनात दोन इंच फुगली.

शेखलाल चाचांचं विजापूर वेशीत दुचाकीच्या सीटकव्हरचं दुकान आहे. पूर्वी तिथं टांग्याच्या घोड्यांना नाल ठोकत. टांगे गेले, घोडे गेले, चाचांनी सीटकव्हरं शिवायला घेतली. पण पाटीवर अजून 'नालबंद'च आहे. आडनाव आहे, काढणार कसं?

"कुठं हरवला माणूस?" मी विचारलं.

"ऑस्ट्रेलियात."

"कधी?"

"माझे दादाजान मांडीवर होते ना, तवा. त्यांचे अब्बा. मौलाली नालबंद."

म्हणजे चाचांच्या आजोबांचे वडील. हकीगत अशी की, त्या काळी, म्हणजे अठराशे सत्त्याण्णवच्या सुमारास, इंग्रजांच्या पलटणींसाठी ऑस्ट्रेलियातून बोटी भरभरून घोडे मद्रासला उतरत. मौलालीचा हात नालबंदीत असा की घोडा उभ्या उभ्या डुलकी काढायचा. कुणा व्यापाऱ्यानं त्याला बोलावलं. होटगीला मद्रासच्या गाडीत बसला, आणि घोडे उतरवून रिकाम्या परतणाऱ्या बोटीनं गेला. परत आला नाही. खबरही आली नाही.

"चाचा, मग आता सव्वाशे वर्षांनी..."

"ऐका तर खरं," चाचा म्हणाले. रमजानच्या आधी त्यांच्याकडे घरातल्या वारलेल्या माणसांच्या नावानं फातेहा देतात. एकेक नाव घेतात, दुवा मागतात. मौलालीची बायको मुमताजबी. तिनं त्या वेळी जमातीच्या माणसांना दारातून परत पाठवलं होतं. म्हणाली, खबर येईपर्यंत यांचं नाव मयतांत घ्यायचं नाही. ती म्हातारी होऊन गेली. तिचं नाव यादीत आलं. तिचा मुलगा गेला, नातू गेला; त्यांची नावं आली. मौलालीचं आलं नाही. नियम म्हणजे नियम. नालबंदांच्या घरात मौलाली आजतागायत जिवंत आहे.

"भावकीतले लोक लग्नात जेवताना हसतात, सर. तुमचा पडदादा तिकडं मेम करून बसला, म्हणतात. पळपुट्याचं खानदान." चाचांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी एकोणऐंशीचा झालो. पोरं एक पुण्यात, एक दुबईत. माझ्यामागं हे नाव कुणाला ठाऊक राहणार? मग हा माणूस ना जिवंतांत, ना मयतांत. तेवढी खबर आणून द्या. पळाला असला तर पळाला म्हणून द्या. पण द्या."

आता इथं शहाण्या माणसानं 'बघतो' म्हणून चहा पाजून पाठवलं असतं. मी म्हणालो, "दोन दिवसांचं काम आहे, चाचा. हल्ली सगळं कॉम्प्युटरवर असतं."

चाचा गेल्यावर आतून सिद्धेश्वरी, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, पोळपाट हातात घेऊनच बाहेर आल्या. "आपल्या रेशनकार्डावर अजून तुमच्या आईंचं नाव हाय. सहा वर्षं झाली त्यांना जाऊन. दाखला कपाटात पडलाय. इथल्या ऑफिसात जायला तुम्हाला सवड न्हाई, आणि चाललेत ऑस्ट्रेलियाचा माणूस काढायला!"

मी तीनदा गेलो होतो. एकदा सुट्टी होती, एकदा रांग होती, एकदा मी दारापासून परत आलो. पण बायकोला तपशील देण्यात अर्थ नसतो.

दोन दिवसांच्या कामातल्या पहिल्या तीन आठवड्यांत मला एवढंच कळलं की मौलाली गेला तेव्हा ऑस्ट्रेलिया नव्हताच. म्हणजे जमीन होती, पण सरकार एक नव्हतं. इंग्रजांच्या सहा वेगवेगळ्या वसाहती, सहा सरकारं, सहा दप्तरखाने. प्रत्येकानं आपापलं सगळं लिहून ठेवलेलं : कोण उतरलं, कुणाला परवाना दिला, कुणाचं गाढव चोरीला गेलं. इतकं लिहून ठेवलेलं की माणूस त्यात निवांत हरवून जावा.

ही अडचण मी चुकून कट्ट्यावर बोललो आणि बापूसाहेबांनी ती ताब्यात घेतली. बापूसाहेबांनी चौतीस वर्षं महसूल खात्यात काढली, त्यांतली अकरा जुन्या दप्तरांच्या खोलीत. त्यांना मोडी वाचता येते. हे त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक माणसाला, दूधवाल्यालाही, किमान पाच वेळा सांगितलेलं आहे. मोडी लिपीचा आजच्या काळात उपयोग काय, हा प्रश्न मी केवळ सभ्यतेपोटी कधी तोंडाबाहेर काढला नव्हता.

"गुरुनाथ, आधी तालुका ठरवा," बापूसाहेब म्हणाले. "जिल्हा ऑस्ट्रेलिया, ठीक. तालुके सहा. तालुका ठरल्याशिवाय अर्ज कुणाच्या नावे करणार?"

मी तालुका ठरवला. दक्षिण ऑस्ट्रेलिया. कारण तिथं हिंदुस्थानातून आणि अफगाणिस्तानातून गेलेल्या पुष्कळ लोकांचे फोटो सापडले. त्यांतल्या एका फोटोत लांब दाढीचा, फेटा बांधलेला, चाचांसारख्याच नाकाचा एक माणूस होता. खाली नाव अर्धवट पुसलेलं, पण 'म'नं सुरू होत होतं. ग्रंथपालाला याहून अधिक पुरावा लागत नाही. मी तो फोटो मोठा करून, लॅमिनेशन करून, चौकात चाचांच्या हाती दिला. चाचांचे डोळे भरले. ईरम्मा आज्जी वरून बघत होत्या. कुणीतरी पेढे आणले. बापूसाहेबांनी माझी पाठ थोपटली. मी विनयानं मान खाली घातली, फार खाली नाही.

मग चाचांनी चष्मा लावला.

"सर, ह्यांच्याजवळ हे काय हाय?"

"उंट आहे, चाचा. तिकडं वाळवंटात उंट लागायचे. हिंदुस्थानातूनच नेलेले."

चाचांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मला वाईट वाटू नये म्हणून शब्द जुळवत असावेत. "सर, उंटाला खूर असतो का?"

मी ग्रंथपालन शास्त्रात पदवीधर आहे. त्यात उंटाचा पाय नव्हता.

"गादी असते त्याला, मऊ. नाल कुठं ठोकणार? नालबंद माणूस उंटापाशी काय करतोय? आमच्या सात पिढ्यांत उंटाला कुणी हात लावला नाही." त्यांनी फोटो अदबीनं परत केला. "ज्या कुणाचे अब्बा असतील, अल्ला त्यांना जन्नत देवो."

पेढे संपले होते. निदान तेवढं बरं झालं. पुढचा महिनाभर गल्लीतली पोरं मला पाहून मान लांब करून चालायची.

मी हे सगळं सोडून देण्याच्या बेतात असताना ईरम्मा आज्जींनी जिन्यात गाठलं. आज्जी अक्कलकोटकडच्या, ऐंशीच्या पुढच्या. अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या कानडीत बोलतात, आणि रागावल्या की पूर्ण कानडीत.

"गुरू, यप्पा, आरं मानूस कशाला हुडकतोस?"

"मग काय हुडकू, आज्जी?"

"जनावर हुडक की. गाय हरवली तर गुराखी बघायचा. गुराखी हरवला तर गुरं बघायची. त्यो तितंच आसतोय. तू लई शिकलास, पर एकदा तरी गुरं राखलीस का?"

नव्हती राखली. पण त्या दिवसापासून मी मौलालीला सोडलं आणि घोड्यांच्या मागे लागलो. घोडे सापडायला चार दिवस लागले. मद्रासला जाणाऱ्या घोड्यांच्या बोटी मेलबर्नहून सुटत, तिथं बंदराजवळ घोड्यांचं आवार होतं, आणि त्या वसाहतीचं नाव व्हिक्टोरिया.

"राणीसाहेबांच्या नावाचा तालुका," बापूसाहेब समाधानानं म्हणाले. "इथलं दफ्तर नीट असणार."

मग आम्ही तिघं, चाचा, बापूसाहेब आणि मी, माझ्या कॉम्प्युटरपुढे व्हिक्टोरियाच्या दप्तरखान्याचा अर्ज भरायला बसलो. नाव, गाव, धंदा, अंदाजे साल, सगळं झालं. शेवटच्या रकान्यात दोन चौकटी होत्या. सदर व्यक्ती : हयात / मयत. मी सहज 'मयत'वर बाण नेला.

"थांबा!" चाचांनी माझा हात धरला. "मयत नक्को लिहू, सर."

"चाचा, माणूस दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा..."

"खबर आली का?"

"खबर मागायलाच तर अर्ज करतोय!"

"मग आधीच कसं लिहिता? मुमताजबीनं अख्खा जन्म लिहू दिलं नाही. तुम्ही एका बोटानं मारून टाकता?"

मी आशेनं बापूसाहेबांकडे पाहिलं. कायद्याचा माणूस. बापूसाहेबांनी डोळे मिटले, चौतीस वर्षांची नोकरी आठवली आणि निकाल दिला. "शेखलालभाईंचं बरोबर आहे. मृत्यूचा दाखला असल्याशिवाय शासन कुणालाही मयत धरत नाही. मी स्वतः दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन जिवंत असल्याचं सिद्ध करतो, तेव्हा पेन्शन मिळते. गेल्या साली माझा अंगठा उमटला नाही, तर तासभर मी कुठंच नव्हतो. हयात लिहा."

मी 'हयात' लिहिलं. पाच दिवसांनी उत्तर आलं. अत्यंत नम्र उत्तर होतं. हयात व्यक्तींची खाजगी माहिती देता येत नाही, तरी श्री. मौलाली यांची लेखी संमती, आणि त्यांच्या फोटो असलेल्या ओळखपत्राची प्रत पाठवावी. खाली सही : हॅरिएट.

"काय चोख ऑफिस आहे!" बापूसाहेब भारावून म्हणाले. "आपल्याकडं असं कुणी विचारलंय कधी?"

यानंतर जे झालं त्याला मी एकटा जबाबदार नाही. बापूसाहेबांनी प्रतिज्ञापत्र तयार केलं. स्टँपपेपरवर, नोटरीचा शिक्का मारून. मजकुराचा इंग्रजी तर्जुमा माझा, पण आत्मा त्यांचा : 'सबब शपथेवर लिहून देतो की, सदर मौलाली यांनी सन १८९७ पासून हयातीचा दाखला सादर केलेला नाही, तसेच मृत्यूचाही दाखला सादर केलेला नाही, करिता त्यांची सद्यस्थिती निश्चित करून मिळावी.' ईमेलवर बापूसाहेबांचा विश्वास नाही. ईमेलला पोच नसते म्हणतात. म्हणून ते कुरिअरनं पाठवायचं ठरलं. कुरिअरवाल्यानं पत्ता पाहून सांगितलं, "सर, पिनकोडचे दोन आकडे राहिलेत तुमचे." मी म्हणालो, तिथं चारच असतात. तो म्हणाला, असं कुठं असतं होय? आणि त्यानं आपल्या अधिकारात पुढं दोन शून्यं जोडली.

ते प्रतिज्ञापत्र आज जगात कुठं आहे, मला माहीत नाही. कुणाला सापडल्यास पोच द्यावी.

दोन महिने काही झालं नाही. चाचा रोज दुकानातून जाताना दारापाशी क्षणभर थांबायचे. विचारायचे नाहीत. फक्त थांबायचे, घसा साफ करायचे आणि पुढं जायचे. विचारलं असतं तर मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. न विचारणाऱ्या माणसापुढं फार पंचाईत होते.

एका संध्याकाळी सिद्धेश्वरी शेंगा सोलता सोलता म्हणाली, "त्या बाईला तुम्ही खरं काय ते सांगितलं का?"

"सगळे रकाने भरले."

"रकाने न्हवं ओ. खरं काय ते. ती पण बाईच हाय की. मुमताजबीचं सांगा तिला."

मी त्या दिवशी 'महोदया' नाही, 'उपरोक्त विषयान्वये' नाही, असं साधं पत्र लिहिलं. की आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात. त्यांच्या घरात एका बाईनं एक नियम घालून दिला. तो नियम चार पिढ्या पाळला गेला. तुमच्या अर्जात त्यासाठी चौकट नाही. माणूस जिवंत नाही हे आम्हालाही कळतं, पण तो मेल्याचं अजून कुणी सांगितलेलं नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं, असं आमच्या गल्लीत मानतात.

हॅरिएटबाईंचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. त्यांनी लिहिलं होतं की, हे पत्र आमच्या कचेरीत चहाच्या वेळी मोठ्यानं वाचलं गेलं. तुमच्या अर्जापुरती मी 'अद्याप ठाऊक नाही' अशी तिसरी चौकट हातानं काढली आहे. नावानं शोधून काही मिळणार नाही, कारण आमच्या तेव्हाच्या कारकुनांनी परक्या नावांचे फार हाल केले आहेत. मी धंद्यानं आणि गावानं शोधते. थोडा वेळ द्या.

थोडा वेळ म्हणजे एकोणीस दिवस. मग एक फाइल आली.

मी ती आधी एकट्यानं वाचली. नंतर चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि बापूसाहेबांना हाक मारली. त्यांना घेऊन चाचांच्या घरी गेलो. ईरम्मा आज्जींना कुणी बोलावलं नव्हतं. त्या आमच्या आधी तिथं पोचून खुर्चीवर बसलेल्या होत्या.

व्हिक्टोरिया वसाहतीच्या सरकारचं, अपघाती मृत्यूच्या चौकशीचं दप्तर. डिसेंबर अठराशे सत्त्याण्णव. मी एकेक ओळ मराठीत सांगत गेलो. मयत इसम नालबंद, राहणार शोलापूर, मुंबई इलाखा, वय सुमारे एकतीस. घोड्यांच्या आवारात नाल बसवत असताना घोडा बुजला, लाथ छातीत लागली. इस्पितळात नेण्याआधी मृत्यू. कुणाचा दोष नाही.

चाचांनी विचारलं, "नाल ठोकताना?"

"हो, चाचा."

"म्हणजे कामावर होते."

"पुढं आहे. साक्षीदार म्हणून मद्रासकडचा एक मोतद्दार आहे, घोड्यांची निगा राखणारा. तो सांगतो, जानेवारीत सुटणाऱ्या बोटीवर मयतानं नालबंद म्हणून नाव घातलं होतं. त्याच बोटीनं तो घरी परत निघाला होता. ज्या घोड्याची लाथ लागली, तोही त्याच बोटीनं जाणार होता."

चाचांनी दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. "पळाले नव्हते," ते म्हणाले. आम्हाला नाही. समोरच्या भिंतीला. त्या भिंतीमागं बहुधा सगळी भावकी जेवायला बसलेली असावी.

"अजून आहे," मी म्हणालो, आणि पुढचं पान काढलं. "मयताच्या सदऱ्यात एक पत्र सापडलं. मोतद्दार सांगतो, हे पत्र आल्यापासून चार महिने तो भेटेल त्याला वाचून दाखवायला सांगायचा. पण तिथं कुणालाच ते वाचता येईना. मोतद्दाराला स्वतःला फक्त तमिळ येत होतं. शेवटी मौलाली म्हणाला, राहू दे, आता घरी जाऊनच वाचून घेतो." मी पुढची ओळ वाचली. "आणि खाली पोलीस शिपायाची नोंद आहे. 'सदर कागदावरची लिपी कुणास वाचता येत नाही. सबब नष्ट न करता फाइलीस जोडला आहे.'"

"वा!" बापूसाहेब नकळत म्हणाले. "याला म्हणतात कारकुनी."

मी शेवटचं पान चाचांपुढं ठेवलं. पत्राचा फोटो. चाचांनी ते जवळ धरलं, लांब धरलं. "ही उर्दू नाही."

मीही पाहिलं होतं. सगळी अक्षरं एका दमात, हात न उचलता लिहिलेली, एकमेकांच्या गळ्यात गळे घातलेली. मुमताजबीनं सोलापूरच्या बाजारातल्या एखाद्या कारकुनाकडून लिहून घेऊन त्या घोड्यांच्या व्यापाऱ्यामार्फत धाडलं असणार; आणि त्या काळचा कारकून दुसऱ्या कशात लिहिणार?

मी ते पान बापूसाहेबांपुढं सरकवलं. अकरा वर्षं मी त्या माणसाबद्दल जे जे मनात बोललो होतो, ते सगळं त्या पानाबरोबर सरकलं.

बापूसाहेबांनी कागद घेतला. एरवी मोडीचा 'मो' निघाला की तासभर न थांबणारा माणूस, पण आत्ता त्यांनी फक्त चष्मा सारखा केला, चाचांकडे बघून "वाचू?" असं विचारलं, आणि चाचांनी मान हलवल्यावर वाचायला लागले. अडखळत, बोट ठेवून.

"मौलाली नालबंद यांस मुमताजबीचा सलाम. इकडील खुशाल. तिकडील खुशालीची खबर नाही. मूल चालू लागले. तुमची लहान हातोडी त्याने आडात टाकली. मारिले नाही. घोडी लंगडते, दुसरे नालबंदास हात लावू देत नाही. शेजारीण म्हणते, समुद्रापार गेला तो गेला. तीस सांगितले की रिकामे बोटीने गेले आहेत, भरले बोटीने येतील. जमातीतील लोक म्हणतात, फातेहात नाव घ्यावे. मी घेऊ दिले नाही. खबर येईपावेतो घेऊ देणार नाही. सबब खबर द्यावी."

बापूसाहेब थांबले. मग किंचित हसले. "इथं लिहिणाऱ्यानं स्वतःचं घातलंय. 'कागद संपला, असे सांगितले, परंतु बाई थांबत नाही.' आणि मग कडेला उभं करून एक ओळ. 'येताना आपण आधी घरी यावे, मग घोडीकडे जावे.'"

ईरम्मा आज्जींनी पदर डोळ्यांना लावला. "आयला," त्या म्हणाल्या, "लई खमकी होती की गं बाई."

चाचा हसत होते आणि रडत होते, आणि दोन्हींचं वेळापत्रक चुकत होतं. "घरी येऊन वाचून घेतो म्हणाले होते," ते म्हणाले. "आले की, सर. घरीच वाचलं. सोलापुरातच."

फातेहा गुरुवारी ठरली. त्या दुपारी चाचा आधी माझ्याकडे आले, धुतलेला पांढरा सदरा घालून. हॅरिएटबाईंचा अर्ज अजून उघडाच होता. त्यांनी लिहिलं होतं, चौकट आम्ही भरणार नाही. तुमच्याकडे खबर पोचली असेल तर घरच्यांनी भरावी, आणि घाई नाही. मी चाचांना माउस दिला. त्यांनी तो हातात घेतला, वर उचलला, उलटा केला आणि खालून नीट पाहिला, खूर पाहावा तसा. मग पुन्हा सरळ ठेवून "बिस्मिल्ला" म्हणाले आणि स्वतःच्या बोटानं दाबलं. मयत.

"झालं?"

"झालं, चाचा."

"दुखलं नाही ना कुणाला?" असं विचारून ते उठले.

संध्याकाळी त्यांच्या घरी मलिदा केला होता. आम्ही सगळे दाराशी बसलो. चाचांनी नावं घ्यायला सुरुवात केली. मुमताजबीच्या नावाच्या आधी ते थांबले. एक माणूस बसेल एवढी जागा ठेवली, आणि मग त्या जागेवर मौलालीचं नाव बसवलं. पुण्याचा मुलगा आलेला होता. दुबईचा फोनवर होता. दोघांनी ते नाव पहिल्यांदा ऐकलं. मग दोघांनी ते म्हटलं.

सिद्धेश्वरीनं हॅरिएटबाईंना शेंगाची चटणी पाठवली. महिन्यानं एक सरकारी पत्र आलं की, सदर खाद्यपदार्थ देशात आणण्यास मनाई असल्यानं रीतसर नष्ट करण्यात आला आहे. सोबत नोंद क्रमांक. बापूसाहेबांनी त्या पत्राची झेरॉक्स काढून घेतली. "चटणी नष्ट केल्याची नोंद! काय ऑफिस आहे!" मी आता त्यांना मोडीबद्दल आपणहोऊन विचारतो. मंगळवारी आणि शनिवारी शिकायला जातो. 'क' अजून जमत नाही.

पुढच्या सोमवारी रजा टाकली. कपाटातून आईचा दाखला काढला आणि रेशनकार्डाच्या ऑफिसात गेलो. या वेळी दारापासून परत आलो नाही. रांग होती, थांबलो. खिडकीतल्या बाईंनी दाखला उलटसुलट पाहिला, तारीख पाहिली, माझ्याकडे पाहिलं.

"सहा वर्षं झाली की ओ याला. नाव कमी करायला इतका उशीर का?"

मागं रांग खोळंबली होती. रकान्यात बसेल असं उत्तर द्यायला हवं होतं.

"खबर आली नव्हती," मी म्हणालो.

बाईंनी क्षणभर पेन थांबवलं. मग काही न विचारता नोंद केली.